संस्थापक अध्यक्ष

आपल्याकडे कुठल्याही गणेश मंडळाच्या, पतपेढीच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या फलकावर एक नाव बाकीच्यांपेक्षा मोठ्या अक्षरांत असतं: 'संस्थापक अध्यक्ष'. अध्यक्ष बदलतात, चिटणीस बदलतात, खजिनदार तर कधीकधी पळूनही जातात :), पण संस्थापक अध्यक्ष काही फोटोतून खाली उतरत नाहीत. त्यांच्या हातात काय असतं हेही आपल्याला ठाऊक असतं. संस्थेची घटना, सभासदांची यादी, बँकेच्या खात्यावरची सही, आणि नोकरीला चिकटवलेले भाचे-पुतणे.

आता ओपन सोर्सवाल्या संस्थापकाकडे बघा. त्याच्या हातात यातलं काहीच नाही. लायसन्स असं की कोणीही कोड उचलावा, बदलावा आणि वेगळी चूल मांडावी. पगार तो देत नाही, त्यामुळे अप्रेजलची भीती नाही. काम करणारा एक जर्मनीत, दुसरा ब्राझीलमध्ये, तिसरा आपल्या हिंजवडीत, आणि त्यातल्या बहुतेकांनी त्याला प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. तरीही तो 'नाही' म्हणाला की हजारो हुशार (आणि स्वभावाने भांडकुदळ) माणसं ते ऐकतात. आमच्या धंद्यात इतर ठिकाणी डायरेक्टरने तीनदा मेल पाठवली तरी कोणी हलत नाही, हे लक्षात घेतलं तर ही गोष्ट साधी नाही.

मग हा अधिकार येतो कुठून, आणि संस्थापक उठून गेला की त्याचं होतं काय? या शनिवारी त्याबद्दलच लिहितो.

सुरुवात लिनसपासून करू, कारण हे नाव सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने जाहीर केलं की आपण ३८६ पीसीसाठी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, नुसता छंद म्हणून. सुरुवातीच्या लायसन्समध्ये पैसे घेऊन वाटायला बंदी होती. १९९२ मध्ये त्याने ते बदलून जीपीएल लावलं. लोक पॅच पाठवायचे, आणि पॅचचा कॉपीराइट पाठवणाऱ्याकडेच राहायचा. आजही तसाच राहतो. म्हणजे उद्या लिनसच्या मनात आलं की कर्नलचं लायसन्स बदलून टाकू, तर त्याला हजारो लोकांच्या परवानग्या गोळा कराव्या लागतील, आणि त्यातले काही आज हयातही नाहीत. स्वत:च्याच घरात भाडेकरू झालेला मालक, असं काहीसं.

मग सत्ता राहिली कुठे? तर गाळणीत. कोणता पॅच आत घ्यायचा आणि कोणता नाही, एवढंच त्याच्या हातात. पण हे 'एवढंच' फार मोठं असतं. १९९८ पर्यंत पॅच इतके यायला लागले की ते हरवायचे, लोक तेच पुन्हा पुन्हा पाठवायचे आणि चिडायचे. 'लिनस स्केल होत नाही' असं तेव्हा लोक उघड बोलायला लागले. माणसाबद्दल वापरलेला हा शब्द मला फार आवडतो. त्यातून हळूहळू सरदार आणि सुभे अशी रचना उभी राहिली. नेटवर्किंगचा सरदार वेगळा, फाइल सिस्टिमचा वेगळा, आणि छत्रपतींकडे फक्त सरदारांनी तपासलेला माल जाणार. आज दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती येते आणि तिच्यात दहा हजारांच्या वर बदल असतात. ते सगळे लिनस वाचत नाही, वाचणं शक्यच नाही. तो कोडवर कमी आणि माणसांवर जास्त विश्वास टाकतो.

पण खरी गंमत पुढे आहे. हे पॅच सांभाळायला २००२ मध्ये लिनसने बिटकीपर नावाचं बंद, कंपनीच्या मालकीचं टूल घेतलं. ओपन सोर्सच्या देवळात हा विटाळ झाला म्हणून बराच आरडाओरडा झाला, त्याने लक्ष दिलं नाही. २००५ मध्ये साम्बावाल्या अँड्र्यू ट्रिजेलने बिटकीपरची भाषा बाहेरून उलगडायला घेतली, लॅरी मॅकव्हॉयच्या कंपनीने चिडून फुकट आवृत्ती काढून घेतली, आणि कर्नलवाले रस्त्यावर आले. एप्रिल २००५ च्या पहिल्याच आठवड्यात लिनसने गिट लिहायला घेतलं. चार-पाच दिवसांत गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जात होता आणि जूनमध्ये कर्नल २.६.१२ गिटमधून बाहेर पडलं.

गिटचं तत्त्व काय? प्रत्येकाकडे संपूर्ण इतिहासासकट पूर्ण कॉपी, आणि तांत्रिकदृष्ट्या सगळ्या कॉप्या समान. मध्यवर्ती सर्व्हर असा काही प्रकारच नाही. म्हणजे माझ्या लॅपटॉपवरची लिनक्सची कॉपी आणि लिनसची कॉपी यांत गिटला काडीचा फरक दिसत नाही. फरक दिसतो तो आपल्याला. २००५ नंतर लिनसकडे 'मुख्य सर्व्हरचा मालक' हीसुद्धा ओळख उरली नाही, आणि त्याने ती स्वत:च्या हाताने पुसली होती. तरी जगातल्या असंख्य समान कॉप्यांपैकी 'लिनसची कॉपी' म्हणजेच लिनक्स, असं सगळे मानतात. कोणी भाग पाडलेलं नाही, नुसतं मानतात. विकेंद्रित समाजातल्या संस्थापकाची सत्ता म्हणजे नेमकं काय असतं, ते इतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

आणि याच माणसाची दोन अपत्यं बघा. गिट त्याने जुलै २००५ मध्ये, म्हणजे चार महिनेही झाले नसताना, जुनिओ हमानो यांच्या हवाली केलं आणि मागे वळून फारसं पाहिलं नाही. कर्नल मात्र तीन दशकं उलटली तरी त्याच्याच हातात. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये स्वत:च्या शिवराळ वागण्याबद्दल माफी मागून त्याने काही आठवड्यांची सुट्टी घेतली, ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमनने काढली, आभाळ कोसळलं नाही, आणि लिनस परत आला. थोडक्यात, रंगीत तालीम होऊन गेली आहे.

सगळेच संस्थापक असे टिकतात असं नाही बरं का. नेटबीएसडी १९९३ मध्ये चौघांनी सुरू केलं. त्यातल्या थिओ द राटला डिसेंबर १९९४ मध्ये बाकीच्यांनी बाहेर काढलं, कारण त्याचं लोकांशी बोलणं झेपेना. कोडमध्ये बदल करायचा त्याचा हक्कच काढून घेतला. आपल्याकडे असं झालं तर माणूस धर्मादाय आयुक्तांकडे जातो आणि पंधरा वर्षं तारखा पडतात. थिओने १९९५ मध्ये कोडची कॉपी घेतली आणि ओपनबीएसडी सुरू केलं. त्याच घरातून १९९९ मध्ये ओपनएसएसएच आलं. आज सकाळी तुम्ही कुठल्याही लिनक्स सर्व्हरवर लॉगिन केलं असेल तर बहुतेक त्या हाकललेल्या संस्थापकाच्याच दारातून आत गेलात.

आता पायथॉन. इथे जरा थांबणार आहे, कारण माझी रोजीरोटी त्यावर चालते, आणि कारण संस्थापकाने भर संसारातून उठून जाण्याची इतकी नीट नोंदलेली गोष्ट दुसरी नाही.

गिडो व्हॅन रॉसमने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना पायथॉनला हात घातला, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये पहिली आवृत्ती जगाला दिली. १९९४ मध्येच कोणीतरी जाहीरपणे विचारलं होतं की गिडो उद्या बसखाली आला तर आपलं काय? (हा 'बस फॅक्टर' आपण प्रोजेक्ट प्लॅनिंगमध्ये हसत हसत वापरतो; इथे तो शब्दश: विचारला गेला.) १९९५ मध्ये त्याला एक पदवी मिळाली, 'तहहयात दयाळू हुकूमशहा', इंग्रजी आद्याक्षरांत बीडीएफएल. होती ती थट्टाच. पण थट्टेत दिलेली पदवी चिकटते, आणि पुढे अनेक प्रोजेक्टांनी ती आपापल्या संस्थापकाला लावली.

हा हुकूमशहा करायचा काय? मला वाटतं, बाहेरून बघणाऱ्यांना इथेच चकवा होतो. तो हुकूम फारसे सोडत नसे. तो वाद मिटवायचा. २००० पासून पायथॉनमध्ये बदल सुचवायची रीतसर पद्धत आली, तिला पेप म्हणतात. कोणीही लिहावा, सगळ्यांनी चिरफाड करावी, शेवटी गिडोने हो किंवा नाही म्हणावं.

पेप ३०८ ची गोष्ट घ्या. एका ओळीत 'अमुक असेल तर हे, नाहीतर ते' असं लिहायची सोय इतर भाषांत होती, पायथॉनमध्ये नव्हती. ती हवी का, आणि हवी तर कशी दिसावी, यावर २००३ मध्ये चक्क मतदान घेतलं. पर्याय इतके की कोणालाच स्पष्ट बहुमत मिळालं नाही. विषय बासनात गेला. २००५ मध्ये गिडोने स्वत: एक रूप निवडलं आणि सांगितलं, हे घ्या. तेच २००६ मध्ये पायथॉन २.५ मध्ये आलं आणि तेच आपण आज लिहितो. अट मधे आणि उत्तर आधी, असं जरा उफराटं. ते कित्येकांना आवडलं नव्हतं, मलाही पहिल्यांदा डोळ्यांना खुपलं होतं. पण भांडण संपलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये रंग क्रीम द्यायचा की पिस्ता यावर तीन महिने घालवल्यावर एखादे काका उठून 'क्रीम' म्हणतात आणि सगळे मनातून सुटकेचा नि:श्वास टाकतात ना, तसं. काकांचा अधिकार घटनेत कुठेच नसतो. इतरांना निर्णयापेक्षा भांडणाचा जास्त कंटाळा आलेला असतो, त्यातून तो येतो.

अडचण अशी की हे काम काकांना महागात पडतं. प्रत्येक निर्णयाला हरलेली एक बाजू असते आणि तिचा राग पेपवर जात नाही, माणसावर जातो. पहिली काही वर्षं त्या रागाला मर्यादा होती, कारण सगळे मिळून मूठभर होते आणि एकमेकांना ओळखत होते. पायथॉन जगभर पसरलं, डेटा सायन्सवाले आले, शाळा-कॉलेजं आली, आणि हरलेली बाजूसुद्धा तितकीच मोठी झाली. मधल्या काळात गिडो काही पेपांचा निर्णय दुसऱ्या कोणावर तरी सोपवायला लागला होता, त्याला 'बीडीएफएल-डेलिगेट' म्हणत. पण भाषेच्या व्याकरणाला हात लागणार असेल तेव्हा सगळ्यांचे डोळे त्याच्याकडेच.

२०१८ मध्ये पेप ५७२ आला. मागणी किरकोळ होती. एखादी किंमत मोजता मोजताच तिला नाव द्यायचं, त्यासाठी ':=' हे चिन्ह. आडवं धरून बघितलं तर वॉलरस या प्राण्याचे सुळे दिसतात म्हणून त्याला वॉलरस म्हणतात. मूळ प्रस्ताव ख्रिस अँजेलिको यांचा होता, पुढे टिम पीटर्स आणि खुद्द गिडो लेखकांत सामील झाले. त्यावर जे रण माजलं ते चार-पाच महिने चाललं. म्हणजे बघा, पायथॉन २ वरून ३ वर जाण्याचं संकट, ज्यात जगभरच्या लोकांचा कोड मोडला आणि जे २००८ पासून २०२० पर्यंत रेंगाळलं, ते या गृहस्थाने पचवलं. आणि एका कोलन आणि बरोबरच्या चिन्हाने त्याचा संयम संपला. जुलैमध्ये पेप मंजूर झाला, आणि १२ जुलै २०१८ रोजी गिडोने सहकाऱ्यांना लिहिलं की एखाद्या पेपसाठी इतकं झगडायचं आणि वर इतक्या लोकांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करायचा, हे आता पुन्हा नको. मी या पदावरून मोकळा होतोय.

त्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट राजीनामा नव्हेच. त्याने वारस नेमायला नकार दिला. पुढे लोकशाही आणा, अराजक आणा, नवा हुकूमशहा आणा, तुमचं तुम्ही ठरवा, अशा आशयाचं लिहून तो बाजूला झाला. आपल्याकडच्या राजकीय पक्षांपासून मठांपर्यंत कुठेही बघा, संस्थापकाचा शेवटचा आणि सगळ्यात मोठा अधिकार म्हणजे गादीवर कोणाला बसवायचं हा. गिडोने नेमका तोच वापरला नाही. मला विचाराल तर पायथॉनवर त्याचे जे काही उपकार आहेत, त्यात हा नकार फार वरचा.

त्यानंतरचे पाच महिने राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभ्यासावेत असे. राज्यपद्धतीचे सात प्रस्ताव आले, तेही पेप म्हणूनच, ८०१० ते ८०१६. एकात पुन्हा एक प्रमुख, एकात त्रिकूट, एकात प्रमुखच नाही, एकात बाहेरच्यांची समिती, वगैरे. जो प्रश्न इतर समाज तलवारीने सोडवतात तो या मंडळींनी सात टेक्स्ट फाइली लिहून सोडवला. डिसेंबर २०१८ मध्ये पसंतीक्रमाने मतदान झालं आणि पेप ८०१६ निवडून आला. पाच जणांचं सुकाणू मंडळ, दर आवृत्तीनंतर नव्याने निवडणूक, आणि एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक नकोत. ही शेवटची अट वाचून मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. हुकूमशहा गेल्यावर रिकाम्या खुर्चीकडे कोणाचं लक्ष असेल, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

पहिल्या मंडळात गिडो स्वत: निवडून आला. वर्षभराने दुसऱ्या निवडणुकीतून त्याने माघार घेतली. आणि मग २०२० मध्ये त्याने आणि आणखी काही जणांनी मिळून पॅटर्न मॅचिंगचा प्रस्ताव लिहिला. टीका झाली, प्रस्ताव मागे घेऊन तीन भागांत नव्याने लिहावा लागला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मंडळाने तो मंजूर केला. जी भाषा याने नाताळच्या सुट्टीत जन्माला घातली, तिच्यात बदल करायला हा अर्ज लिहून पाच जणांच्या दारात उभा. १९९१ ते २०१८ पर्यंत ज्याचा शब्द शेवटचा होता, त्या माणसाने हे विनातक्रार केलं. पॅटर्न मॅचिंग तुम्ही वापरत असाल किंवा नसाल, हा इतिहास विसरू नका.

नवी व्यवस्था गुळगुळीत चालते असंही नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मंडळाने टिम पीटर्स यांना तीन महिन्यांसाठी निलंबित केलं, म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ पायथॉनसोबत असलेल्या माणसाला. त्यावर पुष्कळ लोक संतापले. आता राग एका माणसावर न जाता पाच जणांवर वाटला जातो, एवढं मात्र झालं.

जाणं हाच उपाय, असं वाटत असेल तर बिटकॉइनकडे बघा. सातोशी नाकामोतोने २००८ मध्ये निबंध लिहिला, जानेवारी २००९ मध्ये साखळी सुरू केली, आणि २०११ मध्ये काम गॅव्हिन अँड्रीसनकडे सोपवून तो (ती? ते?) नाहीसा झाला. संस्थापकाविना विकेंद्रीकरण, आणखी काय पाहिजे? पण २०१५ ते २०१७ या काळात एका ब्लॉकचा आकार किती असावा यावर जे महाभारत झालं, त्यात दोन्ही बाजू सातोशीचाच हवाला देत होत्या. एक बाजू म्हणे, निबंधात रोजच्या व्यवहाराची रोकड म्हटलंय, तेव्हा आकार वाढवा. दुसरी म्हणे, एक एमबीची मर्यादा २०१० मध्ये त्यानेच घातली. गिडो निदान 'मला तसं म्हणायचं नव्हतं' असं सांगू शकतो. अदृश्य झालेला संस्थापक बोलत नाही, त्यामुळे त्याची पोथी होते, आणि पोथी आली की अर्थ लावणारे शास्त्री आले. ऑगस्ट २०१७ मध्ये बिटकॉइन कॅश वेगळी निघाली. असो.

आणि काहीही न सोडणारा संस्थापक बघायचा तर वर्डप्रेस. २००३ मध्ये मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी जुन्या बी२ या प्रोग्रॅमच्या कोडवरून ते सुरू केलं. लायसन्स जीपीएल, म्हणजे कोड सगळ्यांचा. पण सगळ्यांच्या वर्डप्रेसला अपडेट आणि प्लगइन पुरवणारा सर्व्हर मलनवेगच्या ताब्यात, आणि तो आपला वैयक्तिक आहे असं त्याचं म्हणणं. २०१० मध्ये ट्रेडमार्क फाउंडेशनला दिला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. व्यावसायिक वापराचा हक्क मात्र त्याच्या ऑटोमॅटिक कंपनीकडे ठेवला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीशी त्याचं ट्रेडमार्कवरून आणि प्रोजेक्टला काही परत न देण्यावरून भांडण झालं, आणि त्याने तिचा सर्व्हरशी संपर्क तोडला. मधल्या मधे तिच्या ग्राहकांचे अपडेट अडकले. ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीचं एक लोकप्रिय प्लगइन नाव बदलून ताब्यात घेतलं. १० डिसेंबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन संपर्क पूर्ववत करायला लावला. इथे कोण बरोबर हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. होस्टिंग कंपन्या फुकटात गब्बर होतात ही तक्रार खोटी नाही. पण लायसन्स वाचून 'हे सगळ्यांचं आहे' असं समजणाऱ्यांनी किल्ल्या कोणाच्या खिशात आहेत हेही बघावं: डोमेन, सर्व्हर, ट्रेडमार्क. लिनक्सचा ट्रेडमार्कही लिनसच्याच नावावर आहे, हे जाता जाता.

उरलं डेबियन. हे मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण काळाच्या हिशेबात ते पायथॉनच्या राजीनाम्याआधी वीस वर्षं याच रस्त्याने जाऊन आलेलं आहे.

१६ ऑगस्ट १९९३ ला पर्ड्यू विद्यापीठातल्या इयान मर्डॉक या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने नवं लिनक्स वितरण जाहीर केलं. तेव्हा एसएलएस नावाचं वितरण चालायचं आणि ते चुकांनी भरलेलं होतं. एका माणसाने किंवा कंपनीने सगळं बांधायचं म्हटलं की असंच होणार, हे मर्डॉकने ओळखलं. नाव ठेवलं मैत्रीण डेब्रा आणि स्वत:चं इयान जोडून. (प्रेमात पडलेल्या विशीतल्या पोराच्या हातात नामकरण दिलं की काय होतं ते बघा. आज अवकाश स्थानकातल्या लॅपटॉपपर्यंत ते नाव पोचलंय.) त्याची खरी कल्पना होती पॅकेज. प्रत्येक प्रोग्रॅम एक स्वतंत्र पुडकं, आणि प्रत्येक पुडक्याला एक जबाबदार माणूस. १९९५ च्या अखेरीला असे सुमारे साठ जण होते. प्रत्येक जण आपापल्या पुडक्याचा राजा, आणि एकत्र राहायचं तर पुडकी कशी बांधायची याचे नियम लिहून काढणं भागच. मला वाटतं संस्थापकाचा सगळ्यात चिवट प्रभाव इथे असतो. त्याच्या मतांचा नाही, तर त्याने पहिल्या दिवशी काम कसं वाटून दिलं त्याचा. लिनसने गाळणी ठेवली, तिथे सरदारशाही झाली. मर्डॉकने पुडकी केली, तिथे प्रजासत्ताक होणार हे जवळजवळ ठरलेलंच होतं.

मर्डॉक मार्च १९९६ मध्ये बाजूला झाला. अजून १.० आवृत्तीही निघालेली नव्हती. आणि ती कधी निघालीच नाही, कारण सीडी विकणाऱ्या एका कंपनीने अर्धवट कोडच १.० म्हणून छापून टाकला, मग गोंधळ नको म्हणून जूनमध्ये थेट १.१ काढली. ती काढली त्याचा उत्तराधिकारी ब्रूस पेरेन्स याने. तो तेव्हा पिक्सारमध्ये होता, म्हणून डेबियनच्या आवृत्त्यांना टॉय स्टोरीतल्या पात्रांची नावं, ती आजतागायत. पेरेन्सच्या काळात, १९९७ मध्ये, सामाजिक करार लिहिला गेला. त्यातल्याच मार्गदर्शक तत्त्वांवरून १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' या शब्दाची अधिकृत व्याख्या बनली. पण पेरेन्सची पद्धत हुकूमशाही थाटाची आहे, असाही आक्षेप होता. १९९८ मध्ये इयान जॅक्सन नेता झाला (हा दुसरा इयान, डेबियनमध्ये इयानांना तोटा नाही), आणि त्याने घटना लिहिली. डिसेंबर १९९८ मध्ये ती मंजूर झाली.

ती घटना जरूर वाचा, कंटाळवाणी नाही. नेता दरवर्षी निवडायचा. त्याचा निर्णय सर्व सभासद मतदानाने फिरवू शकतात. कोणालाही कुठलंही काम करायची सक्ती नाही, हे तर सुरुवातीलाच. ठरावांच्या मतपत्रिकेवर बाकी पर्यायांच्या बरोबरीने 'आणखी चर्चा' हाही पर्याय असायचा, आणि त्याच्याकडून हरायची वेळ ठरावावर येऊ शकत असे. (पायथॉनवाल्यांनी २०१८ मध्ये मतपत्रिका बनवली तेव्हा हा पर्याय त्यांनीही ठेवला होता.) आणि संस्थापकासाठी एकही पद नाही. मानद नाही, आजीव नाही, सल्लागार नाही.

मर्डॉकने पुढे स्वत:ची कंपनी काढली, २००७ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सला गेला. २००५ मध्ये उबुंटूची पॅकेजेस डेबियनशी जुळत नाहीत म्हणून त्याने जाहीर काळजी व्यक्त केली, बातम्या झाल्या, आणि उबुंटू आपल्या वाटेने गेलं. डिसेंबर २०१५ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. जून २०१७ ची डेबियन ९ ही आवृत्ती त्याला अर्पण केलेली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक परिषद कोचीला भरली, तेव्हा संस्थापकाला जाऊन पावणेआठ वर्षं झाली होती आणि नेतृत्व सोडून सत्तावीस.

दुसऱ्या इयानची गोष्ट मात्र मला जास्त लागते. २०१४ मध्ये डेबियनने सिस्टिमडी घ्यावं की नाही यावर भांडण पेटलं. संगणक सुरू झाल्यावर पहिला प्रोग्रॅम कोणता चालवायचा, एवढाच वाद, पण लोक मित्र राहिले नाहीत. तांत्रिक समितीत फेब्रुवारीत चार विरुद्ध चार मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी जिंकलं. जॅक्सन त्या समितीत होता, हरलेल्या बाजूला. त्याने घटनेप्रमाणे सर्व सभासदांपुढे ठराव नेला, की पॅकेजेसनी एकाच सिस्टिमवर अवलंबून राहू नये. नोव्हेंबरमध्ये मतमोजणी झाली. जिंकला तो पर्याय असा होता: या विषयावर ठरावाची गरजच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने समितीचा राजीनामा दिला. त्याच महिन्यात काही लोक देवुआन नावाने वेगळे निघाले. जॅक्सन त्यांच्याबरोबर गेला नाही. डेबियनची पॅकेजेस गिटमधून हाताळण्यासाठी त्याने डीगिट नावाचं हत्यार लिहायला घेतलं होतं, ते तो पुढेही लिहीत राहिला.